पुस्तक जपावे की मूल?



आज तुमच्यापुढे एक लहानसा प्रश्न ठेवीत आहे. लहान अशासाठी म्हणतो की, तो प्राथमिक शाळेतल्या एका लोखंडी कपाटाचा प्रश्न आहे. पण त्यावर विचार करू लागले की तो मोठा होत जातो आणि शेवटी आपल्याच घराच्या उंबऱ्यावर येऊन उभा राहतो.

आपल्या पुणे शहरात वस्त्या-वस्त्यांतील मुले ज्या शाळांत जातात, त्या शाळांतून गोष्टींच्या पुस्तकांचे एक कपाट असते. काही शाळांत ते रोज उघडते. तेथील बाई आणि गुरुजी मुलांना पुस्तके हाताळू देतात, घरी नेऊ देतात. अशा शिक्षकांना आपण मनापासून धन्यवाद दिले पाहिजेत. पण काही शाळांत त्या कपाटाला कुलूप असते आणि किल्ली कोणाच्या तरी टेबलाच्या खणात असते. कारण विचारले तर उत्तर मिळते, "मुले पुस्तके फाडतात, हरवतात. नोंदवहीत शंभर दाखवली आहेत, तपासणीला शंभर भरली पाहिजेत." हे उत्तर खोटे नाही. मुले पुस्तके फाडतात, हे तुम्हाला आणि मलाही ठाऊक आहे. पण याचा परिणाम काय होतो? पुस्तक सुरक्षित राहते आणि मूल वाचनावाचून मोठे होते.

आपण विहारात पंचशील घेतो. अदिन्नादानापासून अलिप्त राहू, जे आपल्याला दिले नाही ते घेणार नाही, असे म्हणतो. मग सांगा, जे ज्याच्यासाठी आणले आहे ते त्याला न देणे, याला काय म्हणावे? कायद्याच्या भाषेत ही चोरी नव्हे. कुलूप लावणाऱ्याच्या मनात लोभही नसतो, असते ती भीती. आणि धम्मात तर कर्माचे मोल हेतूवरून ठरते. तेव्हा त्याला चोर म्हणणे अन्यायाचे होईल. तरीही मुलाच्या हातून काहीतरी गेले आहे, हे आपण नाकारू शकत नाही.

तुम्ही म्हणाल, दोष शाळेचा आहे. मीही असेच म्हणत असे. म्हणून आधी माझीच गोष्ट सांगतो.

माझ्या घरातील पाऊस

माझी धाकटी मुलगी तिसरीत होती. तिच्या वर्गाच्या बाई दर शनिवारी मुलांना एकेक पुस्तक घरी देत. एका शनिवारी तिने हत्तीच्या गोष्टीचे एक चित्रमय पुस्तक आणले. रात्री दोनदा वाचले, तिसऱ्यांदा आईला वाचून दाखविले आणि उशाजवळ ठेवून झोपली. आमचे घर पत्र्याचे. पावसाळ्याचे दिवस. रात्री पत्रा गळला आणि सकाळी पाहतो तो पुस्तक फुगलेले, पाने एकमेकांना चिकटलेली, हत्तीचा रंग दुसऱ्या पानावर उतरलेला.

मी काय केले असेल? तिच्या पाठीत धपाटा घातला. सोमवारी तिला घेऊन शाळेत गेलो, भिजलेले पुस्तक बाईंच्या टेबलावर ठेवले आणि पैसे काढले. बाई म्हणाल्या, "अहो, राहू द्या. वाळेल ते." पण माझे समाधान झाले नाही. मी मुलीच्या देखत सांगितले, "बाई, हिला परत पुस्तक देऊ नका. हिला जपता येत नाही." बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "पुस्तक वाळेल हो. पण पोरीनं पुन्हा मागितलंच नाही, तर काय करायचं?"

आणि खरोखरच तिने मागितले नाही. पाऊस सरला, दिवाळी झाली, ती पुस्तकाचे नाव काढीना. मला वाटले, पोरगी शहाणी झाली. मग एका संध्याकाळी मी भजी आणली. सगळ्यांनी भजी खाल्ली आणि ही पोर तो तेलकट कागद जमिनीवर सरळ करून, बोट फिरवीत वाचीत बसली होती. माझी चाहूल लागताच तिने तो कागद चुरगाळला.

बंधूंनो, तो चुरगाळलेला कागद मी विसरू शकत नाही. मला बेबीताई कांबळे आठवल्या. पुरंदर तालुक्यातील वीरगावात १९२९ साली जन्मलेल्या, पुढे फलटण येथे छोटेसे दुकान चालविणाऱ्या बेबीताई. दुकानात माल बांधून द्यायला आणलेली रद्दीची वर्तमानपत्रे वाचून त्यांनी आपली वाचनाची भूक भागविली आणि घरच्यांच्या नकळत लिहिता लिहिता 'जिणं आमुचं' हे आत्मकथन जगापुढे ठेवले. त्यांना लपवावे लागले, तो काळच तसा होता. पण माझ्या मुलीला लपवावे लागले ते कोणामुळे? तिच्या शाळेने तर पुस्तक दिले होते. कुलूप मी लावले होते.

भीती कोठून आली?

मी असे का वागलो, याचा मी पुष्कळ विचार केला. ते पुस्तक काही फार महागाचे नव्हते. मला भीती वाटली ती दोन शब्दांची. कोणीतरी म्हणेल, "ह्या लोकांना पुस्तकाची किंमत काय कळणार?" पिढ्यान् पिढ्या हे ऐकलेल्या माणसाला दुसऱ्याची वस्तू हातात घेतानाच घाम फुटतो. गरिबाला नुकसानीची भीती असते आणि अपमान सोसलेल्याला बोलण्याची भीती असते. आपल्यापाशी दोन्ही आहेत. त्या भीतीपोटी आपण मुलाला सांगतो, "हात लावू नकोस."

पण जरा थांबून ऐका. "हात लावू नकोस" हे शब्द आपल्या ओळखीचे नाहीत काय? हेच तर आपल्या पूर्वजांना सांगितले जात होते. पाण्याला हात लावू नकोस, पोथीला हात लावू नकोस. त्यांना सांगणारे परके होते. आज आपल्या मुलांना तेच शब्द आपल्या तोंडून ऐकू येतात.

याच पुण्याचा इतिहास पाहा. १८४८ साली या शहरात दोन गोष्टी घडल्या. इंग्रजी आमदानीत 'पूना नेटिव्ह जनरल लायब्ररी' स्थापन झाली. तीच आजचे पुणे नगर वाचन मंदिर होय. आणि त्याच वर्षी बुधवार पेठेतील भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली. एकीकडे ज्यांना वाचता येत होते त्यांच्यासाठी ग्रंथ आले. दुसरीकडे ज्यांना अक्षरच ठाऊक नव्हते त्यांच्यासाठी पाटी आली. पुढे या जोडप्याने महार-मांगांच्या मुलांसाठीही शाळा काढल्या.

फुल्यांच्या शाळेत शिकलेली मुक्ता साळवे ही मांग समाजातील चौदा वर्षांची मुलगी. १८५५ साली 'ज्ञानोदय' पत्रात तिचा निबंध छापून आला. वेद जर ब्राह्मणांचेच असतील तर मग आमच्याजवळ धर्माचे पुस्तकच नाही, असा बिनतोड मुद्दा तिने त्यात मांडला होता. जो धर्म एकालाच सर्व देतो आणि बाकीच्यांना वंचित ठेवतो, तो पृथ्वीवर नसावा, असे ती म्हणाली. तिच्याविषयी आणखी एक आठवण सांगितली जाते. बक्षिसाच्या वेळी साहेबाने खाऊ पुढे केला, तेव्हा तिने खाऊ नको, आम्हाला ग्रंथालय द्या, असे मागणे केले. पावणेदोनशे वर्षे होत आली. त्या मुलीने मागितले होते ते आज आपल्या मुलांच्या शाळेत एका कपाटाच्या रूपाने आले आहे. ते कुलपात ठेवण्यासाठी आले काय?

पूजा आणि उपयोग

आपल्यापैकी काहींना दीक्षा घेऊन थोडेच दिवस झाले असतील. जुन्या घरी दसऱ्याच्या दिवशी काय चाले, ते तुम्हाला आठवत असेल. पाटीवर सरस्वती काढायची, पुस्तकांना हळदकुंकू वाहायचे आणि त्या दिवशी पुस्तक वाचायला घ्यायचे नाही. ते आपण सोडले, चांगले झाले. पण पुस्तकाची पूजा सोडली का? 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ कितीतरी घरांत फळीवर आहे. त्याला स्वच्छ कापड आहे, समोर उदबत्ती आहे. आत किती पाने उलटली गेली आहेत? मी कोणाला दुखविण्यासाठी हे विचारीत नाही. माझ्याही घरची प्रत बरीच वर्षे कोरीच होती.

तथागतांनी धम्माला तराफ्याची उपमा दिली आहे. नदी ओलांडायला माणूस तराफा बांधतो. पलीकडे गेल्यावर तो डोक्यावर घेऊन फिरत नाही. खुद्द धम्माविषयी जर असे म्हटले असेल, तर कागदाच्या पुस्तकाची काय कथा? तराफा पाण्यात घातला की भिजणारच. जो कधीच भिजला नाही, त्या तराफ्याने कोणी नदीही ओलांडली नाही.

भारतातील ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयाचे पाच नियम सांगितले. आपल्या पंचशीलासारखेच ते पाच आहेत आणि लक्षात ठेवायला सोपे आहेत. ग्रंथ वापरण्यासाठी असतात. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा. प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा. वाचकाचा वेळ वाचवावा. आणि ग्रंथालय ही वाढती वस्तू आहे, असा त्यांचा भावार्थ. वापराचा नियम त्यांनी पहिला ठेवला, कारण एके काळी युरोपात ग्रंथ साखळीने बांधून ठेवीत असत. साखळ्या गेल्या, पण पुस्तके राखून ठेवण्याची सवय मात्र मागे राहिली.

कोणती पुस्तके?

येथे पुष्कळ पालक मला विचारतात, "शाळेच्या कपाटात देवादिकांच्या, राजाराणीच्या, भुताखेतांच्या गोष्टी असतात. आम्ही बावीस प्रतिज्ञा घेतल्या. मुलांना त्या गोष्टी कशा वाचू द्याव्यात?" दुसरे विचारतात, "गोष्टी वाचून काय होणार? अभ्यासाचे वाचले तर मार्क तरी पडतील."

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी देत नाही, बाबासाहेबांच्या बालपणातून ते घेऊ. सुभेदार रामजी सपकाळ, म्हणजे बाबासाहेबांचे वडील, कबीरपंथी होते. मुलाकडून ते रामायण आणि महाभारत वाचून घेत. घरात जमलेल्या मंडळींना आणि बहिणींना ते त्याने वाचून दाखवायचे, असा शिरस्ता होता. पुढे कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्या शाळकरी मुलाला स्वतः लिहिलेले गौतम बुद्धांचे चरित्र भेट दिले. ते वाचल्यावर त्या मुलाने वडिलांनाच विचारले, ज्या ग्रंथांत ब्राह्मण-क्षत्रियांची थोरवी आणि शूद्रांची हीनता आहे, ते आम्हाला वाचायला का लावता? वडिलांनी समजूत घातली, पण मुलाचे समाधान झाले नाही. ही हकीकत बाबासाहेबांनी स्वतः सांगून ठेवली आहे.

आता विचार करा. त्या मुलाने हा प्रश्न विचारला तो दोन्ही ग्रंथ वाचल्यावर. एकच वाचले असते तर तुलना झाली नसती आणि तुलना झाली नसती तर प्रश्न उठला नसता. मुलाच्या हातातून पुस्तक काढून घेऊन आपण त्याला अंधश्रद्धेपासून वाचवीत नाही, प्रश्न विचारण्याची संधी तेवढी काढून घेतो. कालामांना तथागतांनी केलेला उपदेश मोठ्यांसाठी आहे आणि लहानांसाठी नाही, असे कोठे आहे? चमत्काराची गोष्ट मूल वाचीत असेल तर त्याच्याजवळ बसा आणि विचारा, "हे असं खरंच होईल का रे?" तेवढे पुरे. आणि त्याच कपाटात आपल्या माणसांची चरित्रे, विज्ञानाची पुस्तके नसतील तर ती यावीत म्हणून खटपट करा. एक पुस्तक काढण्यापेक्षा दुसरे पुस्तक आणणे हा धम्माला अधिक शोभणारा मार्ग आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. ज्या मुलाला गोष्ट वाचताना तहानभूक विसरायला होते, त्याला अभ्यासाचे पान जड जात नाही. फुरसुंगीचा बनेश फेणे, म्हणजे भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे', पुण्यात सायकलवरून काय काय उपद्व्याप करतो, हे वाचणारे मूल नकळत शेकडो वाक्ये वाचून मोकळे होते. ते मार्कांसाठी वाचीत नाही, पण त्याची भाषा तयार होते. मात्र गोष्ट संपली की लगेच "तात्पर्य काय?" म्हणून त्याची परीक्षा घेऊ नका. भज्याचा घास तोंडात असताना कोणी त्याचे वजन विचारले तर तुम्हाला चालेल काय?

आपण काय करावे?

पहिली गोष्ट, आपला हक्क ओळखा. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे आणि तेथे वर्तमानपत्रे, मासिके, सर्व विषयांची पुस्तके आणि गोष्टींची पुस्तकेही असावीत, असे त्याच्या परिशिष्टात म्हटले आहे. गोष्टींच्या पुस्तकांचा असा स्पष्ट उल्लेख कायद्यात आहे, हे लक्षात ठेवा. त्याच कायद्याने शासकीय, महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती आणली. तिचे किमान तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया असतात. आपल्या ताई-माईंनी या समितीत जावे आणि कपाटाविषयी विचारावे. भांडायला जाऊ नये. "फाटलेल्या पुस्तकांची दुरुस्ती आम्ही पालक करू, पण पुस्तके मुलांच्या हाती द्या," असे सांगावे. ज्या शिक्षकाला तपासणीची भीती वाटते, त्याच्या पाठीशी समितीने लेखी ठराव करून उभे राहावे. भीती एकट्याची असली की कुलूप लागते, ती दहा जणांनी वाटून घेतली की निघते.

दुसरी गोष्ट, घरी आलेल्या पुस्तकाचे स्वागत करा. त्याला खुंटीवर एक कापडी पिशवी द्या, पत्रा गळत असेल तर प्लास्टिकची द्या. खाकी कागदाचे वेष्टण घालायला मुलालाच शिकवा. पान फाटले तर खळ करून चिकटवा आणि हे काम मुलाच्या हातून करून घ्या. पुस्तक जपणे हे मुलाला पुस्तक हाती मिळाल्यावरच येते. कुलपाने ते कोणालाच आलेले नाही.

तिसरी गोष्ट, ज्या आईबापांना वाचता येत नाही त्यांनी मुळीच संकोच करू नये. तुमच्याइतका चांगला श्रोता मुलाला मिळणार नाही. भाकरी थापताना म्हणा, "वाच बाळा, मी ऐकते." मुलाला जगात पहिल्यांदा कळते की, आपल्यापाशी असे काही आहे जे आईला हवे आहे.

चौथी गोष्ट, जे मूल अडखळत वाचते त्याला हिणवू नका. चुल्लपंथकाची कथा तुम्ही ऐकली असेल. चार महिन्यांत त्याला एक गाथा पाठ होईना म्हणून सख्ख्या भावाने त्याला संघातून जायला सांगितले. तथागतांनी त्याला परत बोलाविले, हातात एक स्वच्छ कापड दिले आणि त्याच्या बुद्धीला पेलेल असे काम सांगितले. तोच पुढे अर्हत झाला. आपल्या अडखळणाऱ्या मुलाला मोठ्या अक्षरांचे, पुष्कळ चित्रांचे पुस्तक द्या. पाठ्यपुस्तक मंडळाचे, म्हणजे आपल्या पुण्यातील बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते. त्याची किंमतही परवडण्याजोगी असते. दोन घरांत मिळून एक अंक घेतला तरी चालेल.

आणि पाचवी गोष्ट, विहारात एक पेटी ठेवा. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या राज्यात विसाव्या शतकाच्या आरंभी पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरत असत. ज्या राजाने बाबासाहेबांना शिष्यवृत्ती दिली त्याच राजाची ही योजना. आपल्या पेटीत वीस पुस्तके असली तरी पुरेत, पण तिला कुलूप नको.

शेवटी

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी आपल्याला धम्म दिला. दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबरला, त्यांनी धर्मांतराची कारणे सविस्तर समजावून सांगितली. आधी दीक्षा, मग विचार समजावून देणे. योगायोग असा की, २०१५ पासून आपल्या राज्यात १५ ऑक्टोबर हा डॉ. अब्दुल कलामांचा जन्मदिवस वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळला जातो. तेव्हा यंदा चौदा तारखेला विहारातून परत आल्यावर, पंधरा तारखेला आपल्या मुलाच्या शाळेत जा आणि त्या कपाटाजवळ उभे राहा.

मी गेलो होतो. माझ्या मुलीच्या बाईंना म्हणालो, "मी चुकलो. हिला पुस्तक द्या." बाईंनी कपाट उघडले. मुलगी लगेच पुढे झाली नाही, माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. दोन शनिवार ती रिकाम्या हातांनी घरी आली. तिसऱ्या शनिवारी तिने पुस्तक आणले. ते तेच हत्तीचे होते. वाळून वाकडे झालेले, खळीने चिकटवलेले, रंग उतरलेले. वर्गातील इतर मुलांनीही मधल्या काळात ते नेले होते. तिने मला विचारले, "पप्पा, हे आधीच भिजलंय, आता चालेल ना?"

बंधू-भगिनींनो, आपल्या मुलांना असे विचारावे लागू नये. पुस्तक जपायला मूल आहे आणि मूल जपायला आपण आहोत. हा क्रम आपण उलटा करू नये, एवढीच विनंती.

भवतु सब्ब मंगलम्. जय भीम!